सात वर्षांचं राज्य, तीस वर्षांचं गाव

रत्नागिरीत रिक्षात बसून ‘थिबा पॅलेस’ म्हटलं की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही, सरळ निघतो. त्या दोन शब्दांत त्याला राजवाडा कळतो, राजवाड्याकडे जाणारा रस्ता कळतो आणि त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाढलेली वस्तीही कळते. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, विजेच्या बिलावर हे नाव रोज छापलं जातं. संध्याकाळी पोरं ‘थिबा पॉइंट’ला जातात, तिथून भाट्याची खाडी, तिच्यावरचा पूल आणि राजिवड्याच्या होड्या बघतात, सूर्य बुडाला की घरी येतात. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाचं नाव जगात सगळ्यात जास्त वेळा कुठे उच्चारलं जात असेल, तर ते या गावात, असं मला मनापासून वाटतं.

राजवाडा जांभ्या चिऱ्याचा आहे. तीन मजले, उतरती छपरं आणि अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या. या खिडक्यांपाशी थांबायला हवं. आपल्या कोकणातल्या घरांना खिडकी असते ती चौकोनी, गजांची, पावसाची झड आत येऊ नये म्हणून बेताची. इथे मात्र लाकडावर नक्षी कोरून वरचा भाग कमानीसारखा वळवलेला आहे, आणि दुपारनंतर उन्हाचे तुकडे त्या नक्षीतून आतल्या जमिनीवर पडतात. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं नृत्यदालन आहे. मागच्या बाजूला राजाने आपल्याबरोबर आणलेली बुद्धमूर्ती आहे. चिऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ चढतं, उन्हाळ्यात ते काळं पडून वाळतं, पुढच्या पावसात पुन्हा हिरवं होतं. शंभराहून जास्त पावसाळे या भिंतींनी असे अंगावर घेतले आहेत.

या दालनात राजाचे कोणते सोहळे झाले असतील? राजवाडा म्हटला की दरबार आला, मुजरे आले, छत्रचामरं आली. या वास्तूत मात्र १९१० मध्ये राहायला आलेल्या राजाला राज्य गमावून तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. इथून पुढे मी जे सांगणार आहे ते अर्ध्यावर तुटलेल्या सोहळ्यांबद्दल आहे, आणि ते कुठे तुटले हे दाखवणाऱ्या जागांबद्दल.

राजाभिसेक आणि सीहासन

ब्रह्मदेशाच्या राजधानीत, मंडालेच्या दरबारात, राजा कसा ‘होत’ असे, हे आधी बघू. मराठी वाचकाला ते अनोळखी वाटणार नाही. ब्रह्मदेशात राज्याभिषेकाला वापरतात तो शब्द पालीतून गेलेला ‘राजाभिसेक’ हाच आहे. उच्चार तिथल्या जिभेवर फार बदलला, पण मूळ तेच. राजा ज्यावर बसतो ते ‘सीहासन’, म्हणजे आपलं सिंहासन. धर्माने बौद्ध असलेल्या या राजांच्या अभिषेकाला ब्राह्मण लागत. मणिपूर आणि आराकानकडून आलेले ‘पोन्ना’ ब्राह्मण मुहूर्त काढत आणि अभिषेकाचं पाणी घालत. ६ जून १६७४ ला रायगडावर गागाभट्टांनी शिवाजी महाराजांसाठी जे केलं, त्याच्याशी नातं सांगणारा विधी हजारो मैलांवर इरावतीच्या काठी वेगळ्या धर्माच्या राजासाठी चालत होता. पांढरं छत्र हे दोन्हीकडे राजेपणाचं चिन्ह. आपण ‘छत्रपती’ म्हणतो. तिथे पांढरी छत्रं राजाखेरीज कुणावर धरायची याचे कडक नियम होते.

राज्याभिषेक क्वचितच व्हायचा. राजेपण टिकवणारा खरा सोहळा वर्षातून तीनदा होई. त्याचं नाव ‘कडॉ’, म्हणजे वंदनाचा, क्षमायाचनेचा दरबार. एक नववर्षाला, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, जेव्हा ब्रह्मदेशात लोक एकमेकांवर पाणी उडवतात. दुसरा आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, भिक्खूंचा वर्षावास सुरू होताना. तिसरा आश्विनात, वर्षावास संपून घरोघर दिवे लागतात तेव्हा. सरदार, मंत्री, दूरच्या शान प्रांताचे संस्थानिक सोन्याचांदीची भेट घेऊन येत, गुडघे टेकून, हात जोडून, कपाळ जमिनीला लावत. राजासमोर पाय पसरून बसणं किंवा त्याच्यापेक्षा उंच जागी असणं हा अपराध. आमच्याकडे आजही थोरांकडे पाय करून बसू नये असं सांगतात, त्याचंच हे शिगेला पोचलेलं रूप.

थिबाच्या वाट्याला हे सगळं सात वर्षं आलं. मिंडान राजाच्या असंख्य मुलांपैकी तो एक. विहारात शिकलेला, पालीच्या परीक्षेत चमकलेला आणि गादीच्या शर्यतीत नसलेला. १८७८ मध्ये वडील वारले तेव्हा दरबारातल्या एका गटाला हाताशी धरता येईल असा राजपुत्र हवा होता, म्हणून तो एकोणीस-विसाव्या वर्षी गादीवर आला. पुढच्याच वर्षी राजघराण्यातल्या कित्येक भाऊबंदांची हत्या झाली. ती कुणाच्या हुकुमाने झाली यावर लिहिणाऱ्यांनी पानंच्या पानं खर्च केली आहेत, पण राज्य त्याचं होतं, तेव्हा त्या रक्ताचा डाग त्याच्या नावावरून पुसता येत नाही. रत्नागिरीकरांनी त्याच्यावर माया केली म्हणून हे विसरू नये.

सागवानाची लढाई

कोकणात आणि मुंबईत जुनं घर विकायला निघालं की मालक अजून अभिमानाने सांगतो, ‘दारं-खिडक्या सगळ्या बर्मा टीकच्या आहेत.’ थिबाचं राज्य गेलं ते या लाकडापायी. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशाच्या जंगलांतून सागवान काढत असे. कंपनीने जितके ओंडके नेले तितके मोजून दाखवले नाहीत, असं म्हणत मंडालेच्या मंत्रिमंडळाने तिला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. इंग्रजांना फ्रेंचांची धास्ती होतीच. त्यांना निमित्त मिळालं. ऑक्टोबर १८८५ मध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरच्या मध्यावर आगबोटी इरावतीतून वर निघाल्या, आणि पंधरवड्यात सगळं आटोपलं.

२९ नोव्हेंबर १८८५. राजा, राणी सुपायालत आणि बाकीचं कुटुंब राजवाड्यातून बाहेर पडून बैलगाडीत बसलं. राजवाड्यापासून नदीपर्यंतचा तो रस्ता ही थिबाची शेवटची मिरवणूक. रस्त्याच्या कडेला जमलेले लोक गुडघ्यांवर बसून रडत होते असं त्या दिवसाचे साक्षीदार लिहून गेले आहेत. तीनदा होणारा कडॉ त्या वर्षी आश्विनात झाला तो शेवटचाच ठरला. १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा झालं.

मग सोहळ्याच्या वस्तू पांगल्या. अलंकार आणि राजचिन्हं लंडनच्या संग्रहालयात गेली, त्यांतली बरीचशी १९६४ मध्ये परत आली. मंत्रिमंडळाच्या सभागृहातलं सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयात ठेवलं होतं, ते १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर परत गेलं आणि आज यांगूनच्या (तेव्हाच्या रंगूनच्या) राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मंडालेच्या राजवाड्यातली इतर सिंहासनं वाचली नाहीत. लाकडाचा तो जवळजवळ अख्खा राजवाडा मार्च १९४५ मध्ये महायुद्धात जळून खाक झाला. आज मंडालेत दिसतो तो नव्वदच्या दशकात उभारलेला. ज्या राजवाड्यात थिबा खरोखर राहिला आणि जो अजून जसाच्या तसा उभा आहे, असा जगात एकच आहे आणि तो रत्नागिरीत आहे.

बंदरावरून बंगल्यात

रंगून, मग मद्रास, आणि तिथे काही महिने काढून एप्रिल १८८६ मध्ये हे कुटुंब रत्नागिरीच्या बंदरात उतरलं. राजाचं वय सत्तावीस. तिसरी मुलगी मद्रासेत नुकतीच झालेली, तान्ही. चौथी पुढच्या वर्षी रत्नागिरीतच जन्मली.

रत्नागिरीच का? त्या वेळचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. रेल्वे नाही. मागे सह्याद्रीची भिंत, पुढे समुद्र. पावसाळा लागला की आगबोटी बंद, त्या गणपतीच्या आगेमागे सुरू व्हायच्या. ब्रह्मी माणूस इथे चुकूनही फिरकणार नाही आणि कटकारस्थान करायला कुणी भेटणार नाही, अशी जागा सरकारला हवी होती. राजाला गावाबाहेर जायची परवानगी नव्हती. सुरुवातीला दोन बंगल्यांत त्याची सोय केली गेली आणि हे ‘सुरुवातीला’ चोवीस वर्षं चाललं.

त्या बंगल्यांत सोहळे थांबले नाहीत, आणि मला या कहाणीत सगळ्यात हलवून सोडणारी गोष्ट हीच वाटते. नोकर राजाराणीसमोर उभे राहत नसत. खाली बसून, पाय दुमडून, नजर खाली ठेवून बोलत. हळूहळू ब्रह्मदेशातून आलेले नोकर परतले, काही वारले, आणि त्यांच्या जागी रत्नागिरीची माणसं आली. म्हणजे मंडालेच्या दरबारची रीत कोकणी गडी आणि मोलकरणी पाळू लागल्या. शान प्रांतांचे राजे जे करत, ते आता आसपासच्या वाड्यांवरची माणसं महिन्याच्या पगारावर करत होती. त्यांच्या घरी संध्याकाळी काय बोललं जात असेल, त्या पाय दुमडून बसण्याची पोरांना कशी नक्कल करून दाखवत असतील, हे कुणी लिहून ठेवलं असतं तर आज ते सोन्याच्या मोलाचं झालं असतं.

राजकन्या मात्र मराठी शिकल्या. नोकरांच्या कडेवर वाढलेल्या मुली त्यांचीच भाषा बोलणार. आईबाप आपसांत ब्रह्मी बोलत, आणि मुली अंगणात अस्खलित मराठी.

आपल्याकडे कान टोचायचे म्हणजे सोनार घरी येतो, मूल रडतं, हातावर गूळ-खोबरं ठेवतात आणि झालं. ब्रह्मी घरात मुलीचे कान टोचणं हा मुंजीच्या तोडीचा समारंभ असतो. त्या दिवशी शेतकऱ्याच्या मुलीलासुद्धा राजकन्येसारखं नटवतात, डोक्यावर मुकुट, अंगावर जरतारी. मुलगा विहारात जातो तेव्हा त्याला सिद्धार्थासारखा राजपुत्र करतात, त्याची ही मुलीच्या बाजूची जोड. रत्नागिरीत हा समारंभ खऱ्याखुऱ्या राजकन्यांचा झाला. खर्चाच्या प्रत्येक मोठ्या बाबीसाठी सरकारकडे अर्ज करावा लागणाऱ्या बापाने तो केला. ब्रह्मदेशातली कुणबीण एका दिवसापुरती जे रूप घेते, ते ज्यांचं जन्मजात होतं त्यांनाही ते एका दिवसापुरतंच मिळालं.

लग्नांचं तर त्याहून अवघड. ब्रह्मी राजघराण्यात राजकन्येला तोलामोलाचा वर म्हणजे राजरक्ताचाच हवा. थिबा आणि सुपायालत स्वतः सावत्र भाऊबहीण होते. रत्नागिरीत असा वर कुठून आणायचा? मुली वाढत गेल्या, विशी उलटली. जो सोहळा बाप लावू शकला नाही, त्याची वाट मुलींनी आपापल्या परीने काढली. थोरलीची गोष्ट पुढे येतेच.

१९१० चा हिवाळा

१९०६ ला बांधायला घेतलेला राजवाडा १९१० च्या अखेरीस तयार झाला आणि कुटुंब तिथे राहायला गेलं. त्याच हिवाळ्यात दुसरीकडे काय चाललं होतं हे बघितलं की मन थांबतं.

रत्नागिरीच्या टिळक आळीत २३ जुलै १८५६ ला जन्मलेले लोकमान्य टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना तिकडे नेलेलं. मंडालेचा तुरुंग होता थिबाच्या राजवाड्याभोवतीच्या तटबंदीच्या आत. इंग्रजांनी त्या तटबंदीला ‘फोर्ट डफरिन’ असं व्हाइसरॉयचं नाव दिलं होतं. राजवाड्याच्या दालनांत काही काळ गोऱ्या साहेबांचा क्लबही भरला होता. त्याच आवारात, लाकडी फळ्यांच्या बराकीत बसून १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढलं, पेन्सिलीने, वह्यांमधून. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत, दोघेही एकाच सरकारचे कैदी, आणि दोघांच्या मध्ये अख्खा देश आणि बंगालचा उपसागर.

स्मारकाची ताकद टिळकांइतकी त्या काळी फार कमी लोकांनी ओळखली होती. रायगडावरची शिवछत्रपतींची समाधी पडझडीला आली आहे, हे १८९५ मध्ये त्यांनी ‘केसरी’तून महाराष्ट्राच्या कानी घातलं आणि पुढच्या वर्षी रायगडावर शिवोत्सव भरवला. जिथे राज्याभिषेक झाला तिथेच लोक जमले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. सरकारलाही ते कळत होतं, आणि थिबाच्या बाबतीत सरकारचा हात का आखडलेला होता याचं उत्तरही तिथेच आहे.

पुढच्या वर्षी, २ डिसेंबर १९११ ला, मुंबईच्या अपोलो बंदरावर दुसरा एक राजा उतरला. पंचम जॉर्ज. त्याच्या स्वागताला तात्पुरता मंडप उभारला होता. दहा दिवसांनी दिल्लीला दरबार भरला, संस्थानिकांनी एकेक करून पुढे जाऊन मुजरा केला. बडोद्याचे सयाजीराव एकदाच लवून पाठ फिरवून परतले म्हणून केवढा गहजब झाला. वंदनाचा सोहळा किती जपून रचलेला असतो, एक पाऊल चुकलं तर त्याचा अर्थ कसा पालटतो, हे त्या दिवशी साऱ्या हिंदुस्थानाने पाहिलं. जॉर्जच्या त्या उतरण्याची आठवण म्हणून जॉर्ज विटेटच्या आराखड्यावर गेटवे ऑफ इंडिया बांधला, तो १९२४ मध्ये खुला झाला. २८ फेब्रुवारी १९४८ ला त्याच दरवाज्यातून शेवटची गोरी पलटण निघून गेली. आज गेटवेसमोर फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोडे वर कोरलेली जॉर्जची ओळ वाचतात.

रत्नागिरीच्या बंदरावर थिबा जिथे उतरला तिथे कमान नाही. पण गावात त्याचं नाव पत्त्यात आहे.

दोन वर्षं अडकलेला अंत्यविधी

धाकटी राणी सुपायागले १९१२ मध्ये रत्नागिरीतच वारली. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा गेला. त्याच्या वडिलांची, मिंडानची समाधी मंडालेच्या राजवाड्याच्या आवारात आहे आणि आजही तिथे ती बघता येते. ब्रह्मी राजाची जागा ती. राजाचा देह ब्रह्मदेशात न्यावा अशी कुटुंबाची मागणी होती. सरकारने परवानगी दिली नाही. मंडालेला समाधी झाली तर ती लोकांना एकत्र आणील ही भीती. म्हणून देह जपून ठेवला गेला आणि मागणी चालू राहिली. अखेर १९१९ मध्ये रत्नागिरीतच, ख्रिस्ती दफनभूमीला लागून असलेल्या छोट्याशा कुंपणाच्या जागेत, राजा आणि धाकटी राणी यांना समाधी मिळाली. त्याच वर्षी सुपायालतला ब्रह्मदेशात परतायची परवानगी मिळाली. नवऱ्याला मागे ठेवून ती रंगूनला गेली.

रंगूनला असं एकदा आधीही घडलं होतं, उलट्या दिशेने. १८५७ नंतर दिल्लीचा बादशहा बहादूरशाह जफर याला इंग्रजांनी तिथे नेऊन ठेवलं. ७ नोव्हेंबर १८६२ ला तो वारला तेव्हा त्याच दिवशी घाईने दफन उरकलं आणि कबर ओळखूच येऊ नये अशा बेताने जमीन सारखी करून टाकली. कालांतराने गवत उगवेल आणि जागा सापडणार नाही, असाच त्यांचा हिशोब होता. १९९१ मध्ये खोदकाम करताना कबर सापडली. आज तिथे दर्गा आहे आणि यांगूनचे मुसलमान तिथे फातेहा पढायला येतात. दिल्लीचा बादशहा रंगूनच्या मातीत, मंडालेचा राजा रत्नागिरीच्या मातीत.

परक्या गावात राजाचा अंत्यविधी पार पडू दिला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या कोल्हापूरकडेच आहे. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेला गेले होते. परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात ३० नोव्हेंबरला ते वारले, वय अवघं वीस. हिंदू दहनसंस्कार फ्लोरेन्सने कधी पाहिलेला नव्हता. शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर अग्निसंस्कार झाला. चार वर्षांनी, १८७४ मध्ये, तिथे छत्री उभी राहिली. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने रेखला त्या चार्ल्स मँटचाच हा आराखडा. छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. त्या जागेला फ्लोरेन्सचे लोक ‘इंदियानो’ म्हणतात आणि १९७८ मध्ये शेजारी बांधलेल्या पुलालाही तेच नाव पडलं. कोल्हापूरचा छत्रपती फ्लोरेन्सच्या वाहतुकीच्या बातम्यांत राहिला, तसा मंडालेचा राजा रत्नागिरीच्या रिक्षाच्या भाड्यात राहिला.

टूटू

थोरली राजकन्या रत्नागिरीच्या प्रेमात पडली. हे शब्दशः खरं आहे. राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत या विवाहित मराठा माणसावर तिचं मन बसलं आणि त्यांना मुलगी झाली, टूटू. आईबापांना काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. १९१९ ला कुटुंबाबरोबर ती रंगूनला गेली खरी, पण तिथे रमली नाही, परत आली आणि १९४७ मध्ये रत्नागिरीतच वारली. टूटूने शंकर पवार यांच्याशी लग्न केलं, संसार केला, मुलंबाळं वाढवली. ब्रह्मी भाषा तिला येत नव्हती. रत्नागिरीची मराठीच बोलत, गरिबीशी झगडत, कागदी फुलं करून विकत तिने आयुष्य काढलं आणि २००० साली ती वारली.

ब्रह्मदेशाच्या राजाची नात रत्नागिरीत कागदाची फुलं करते, हे ऐकलं की लोक हळहळतात. मला हळहळीइतकंच आणखी काही वाटतं. राजकन्येला तोलामोलाचा वर सापडला नाही, म्हणून तो सोहळा कधी झालाच नाही, असं मघाशी म्हटलं. पण पवारांच्या घरात टूटूची मुलं बारशाच्या पाळण्यात झोपली, लग्नांना हळदी लागल्या, आणि त्यांत मिंडान-थिबाच्या वंशाचं रक्त होतं. कुणी त्याची शिळा बसवली नाही. गावाला ठाऊक होतं, तेवढं पुरलं.

परत आलेले पाहुणे

राजवाड्यात आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. दर जानेवारीत रत्नागिरीची आर्ट सर्कल ही संस्था राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव भरवते. थंडीत, उघड्यावर, मागे त्या नक्षीदार खिडक्या उजळलेल्या, आणि पुढे भारतीय बैठकीत बसलेले हजारो श्रोते. गवई मंचावर येतो, समोरच्यांना हात जोडतो, समोरचे त्याला हात जोडतात. मंडालेच्या कडॉची आठवण मला इथे होते. आषाढ-आश्विनातली तिथी नाही, कपाळ जमिनीला लावणं नाही, पण पाय दुमडून, नम्र होऊन, एका मोठेपणासमोर बसलेले लोक आहेत.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे, म्हणजे आजच्या ब्रह्मदेशाचे, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले आणि समाधीवर फुलं वाहून गेले. डिसेंबर २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा राजाचे वंशज आणि म्यानमारचे बडे पदाधिकारी इथे जमले, भिक्खूंनी पालीतली सुत्तं म्हटली, दान दिलं. राजाच्या अंत्यविधीला जे लोक, जो मंत्रघोष, जी रीत हवी होती ती शंभर वर्षांनी त्याच्या समाधीपाशी आली.

समाधीला जायचं तर शिवाजीनगरात जा. राजवाडा बघून पर्यटक भाट्याच्या किनाऱ्याला वळतात, इथे फार कमी येतात. आजूबाजूला घरं उठली आहेत. दोन समाध्या आहेत, वर निमुळत्या होत गेलेल्या. मोठी राजाची, धाकटी सुपायागलेची. पट्टराणी सुपायालत १९२५ मध्ये रंगूनला वारली. तिची समाधी तिथल्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या पायथ्याशी, जफरच्या दर्ग्यापासून फार लांब नाही.

पावसाळ्यानंतर गेलात तर राजाच्या समाधीच्या खाचांत शेवाळ दिसेल. राजवाड्याच्या चिऱ्यांवर असतं तसंच, हिरवं, ओलं, बोट लावलं की बोटाला लागणारं.